जिवंत माणसाचं नाव

जपानमधल्या एका देवळात मी माझ्या जिवंत रूममेटचं नाव मयतांच्या यादीत लिहून आलो. अक्षर चांगलं काढलं होतं. फोटोही काढला.

हे रूममेट म्हणजे चाचा. रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या प्लान्टवर त्यांना सगळे चाचाच म्हणतात. मी त्यांच्याहून बराच लहान, वर्ध्याकडचा, सेफ्टी ऑफिसर. कॅम्पातल्या एका खोलीत आम्ही नऊ वर्षं काढली. दोन पलंग, एक फ्रीज आणि एकच भांडण, एसी कितीवर ठेवायचा याचं. चाचा ट्रे फोरमन. आमच्याकडे कॉलम असतात, म्हणजे दहा-बारा मजली उंच लोखंडी नळकांडी. त्यांच्या पोटात एकावर एक भोकांच्या थाळ्या बसवलेल्या असतात, त्यांना ट्रे म्हणायचं. काही वर्षांनी प्लान्ट बंद ठेवून, माणसं आत घालून त्या तपासाव्या लागतात. हे शटडाउन. शटडाउनला कॉलमच्या पोटात पहिला माणूस जाणार तो चाचा, हे ठरलेलं. आत जायचं परमिट देणार मी, हेही ठरलेलं.

गेल्या हिवाळ्यात एका कॉम्प्रेसरची चाचणी बघायला कंपनीनं मला जपानला पाठवलं. निघताना चाचा म्हणाले, "तिकडं गुडघ्याला चिकटवायच्या पट्ट्या भेटतात. लय गरम होतात. चार पाकिटं आण. ह्या शटडाउननंतर मी खलास, घरी जातोय. शेवटचा कॉलम तेवढा चढायचाय, आणि गुडघा साथ देत नाय."

नऊ वर्षांत या माणसानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी विसरलो.

आठवलं तेव्हा मी डोंगरावरच्या एका झेन देवळात होतो आणि जवळपास दुकान म्हणून नव्हतं. त्या देवळात पोचलो तो माझ्याच तोंडामुळे. सुटीचे दोन दिवस कुठं घालवाल, असं कारखान्याच्या लोकांनी विचारलं, तेव्हा मी छाती पुढं काढून सांगितलं होतं, मी जन्मानं बौद्ध आहे. ते खोटं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील मला चालता येण्याआधी पाठ होतं, असं आई सांगते. जुबैलमध्ये विहार कुठला? इतकी वर्षं वंदना मनातल्या मनात, बुद्धमूर्ती मोबाइलच्या स्क्रीनवर. त्यामुळे त्या देवळात मी शिरलो तो सासुरवाडीत जावई शिरतो तसा. आपलंच घर, विचारायचं काय कुणाला?

सूचनांचा इंग्रजी कागद हातात दिला होता. तो मी घडी घालून खिशात ठेवला.

सकाळी ध्यानाला बसवलं. लांब दालन, दोन रांगा समोरासमोर, आणि मधून एक भिक्खू खांद्याला चपटी लांब काठी लावून सावकाश फिरत होते. आता आमच्याकडे भंते समोरून चालले की हात जोडायचे, ही लहानपणापासूनची सवय. मी जोडले. ते थांबले, वाकले. मीही वाकलो. त्यांनी माझ्या खांद्यावर काठी ओढली. फट, फट. दुसऱ्या खांद्यावर फट, फट. मला वाटलं, इथला आशीर्वाद जरा कडक दिसतोय. पुढच्या फेरीला मी पुन्हा हात जोडले. पुन्हा फट, फट. तिसऱ्यांदा जोडले तेव्हा भिक्खूंच्या डोळ्यांत काळजी दिसली, पण काठी चुकली नाही. खोलीवर येऊन कागद उघडला. त्यात लिहिलं होतं, ज्याला झोप येतेय किंवा ज्याचं मन भरकटलंय, त्यानं हात जोडून काठी मागून घ्यावी.

ध्यान म्हणजे एवढंच होतं: श्वास मोजा. एक ते दहा. चुकलात तर पुन्हा एक. दोन दिवसांत मी तीनच्या पुढं गेलो नाही. पायाला मुंग्या येतात म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

निघायच्या दिवशी देवळाच्या कचेरीत लाकडाच्या पातळ पात्या ठेवलेल्या दिसल्या, शेजारी शाई आणि ब्रश. दोन-तीन माणसं गप्प बसून नावं लिहीत होती. माझ्या एका नजरेत सगळा उलगडा झाला. आमच्या विहारात कार्यक्रमाला नावं वाचून दाखवतात, दान देणाऱ्यांची आणि कुणी आजारी असेल तर त्याचंही. म्हटलं, पट्ट्या नाहीत तर नाहीत, चाचांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना तरी नेऊ. वजनालाही हलकी. कचेरीतल्या बाईंनी फोनवरून भाषांतर करत विचारलं. नाव? मी देवनागरीत लिहिलं. नातं? भावासारखा. वय? मी लिहिलं, अठ्ठावन्न. त्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि कमरेतून खूप खाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. बुद्धाच्या देशातून आलेला माणूस, मान द्यायलाच हवा, असं म्हणून मीही वाकलो.

जुबैलला परतल्यावर चाचांना सांगितलं, "तिथं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पट्ट्या देत नाहीत."

"ऱ्हाऊं दे," चाचा म्हणाले. "तू नीट आलास ना."

आठवड्याभरात कॉम्प्रेसरच्या कंपनीचे एक जपानी इंजिनिअर शटडाउनच्या तयारीसाठी आमच्या साइटवर आले. चहाच्या वेळी मी त्यांना कौतुकानं पातीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. चहाचा कप खाली ठेवला.

"तुमचा मित्र कधी गेला?"

"गेला नाही. तो बघा," मी खिडकीतून दाखवलं. बाहेर चाचा हेल्मेट उलटं धरून त्यात नट-बोल्ट गोळा करत होते.

इंजिनिअरनी चाचांकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग परत चाचांकडे. त्यांनी फार हळू आवाजात समजावलं. ती पाती गेलेल्या माणसासाठी असते. वर नाव. खाली लिहितात ते वय, माणूस कितव्या वर्षी गेला ते. पुजारी ते नाव वाचतात, मंत्र म्हणतात आणि पाती जाळतात. बिचाऱ्यांनी माझ्यासमोर देवळाला फोनही लावला. तिकडून उत्तर आलं, की नाव वाचून झालं, पाती जळून गेली, आता परत घेण्यासारखं काही उरलेलं नाही.

फोन ठेवून त्यांनी विचारलं, "तुमचं स्वतःचं गेलेलं कुणी नव्हतं का लिहायला?"

होतं. आठवलंच नव्हतं.

त्या महिन्यात आमची दोघांची नाइट शिफ्ट होती. सकाळी आठला यायचं, खिडकीला चिकटवलेल्या चंदेरी कागदाआड भर दिवसा अंधार करायचा आणि झोपायचं. चाचा पडल्या पडल्या झोपतात. मी पलंगावर पाय दुमडून बसायचो, जपानमधून आणलेलं ध्यान करायला. चाचा एकदा डोळे न उघडताच म्हणाले, "बसून झोपतोस. झोपून का नाय झोपत?"

पण मी झोपत नव्हतो आणि ध्यानही करत नव्हतो. माझा श्वास मोजायला बसायचो आणि मोजायचो चाचांचा. एक. एसीची घरघर. दोन. मध्येच ते घोरायचं थांबायचे, तशी माझी बोटं चादरीत रुतायची. तीन.

वडील गेले तेव्हा मी याच खोलीत होतो. सुटीचा कागद निघायला दोन दिवस लागणार होते. शेवटी भावानं फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. इथून मी काय करणार, श्वास मोजत होतो. तीन झाले. चौथा येईना. मी भावावर ओरडत होतो, "अरे, नेटवर्क गेलं, परत लाव, परत लाव." त्या वेळी चाचा त्यांच्या पलंगावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. एवढंच.

त्या माणसाचं नाव मी लाकडावर लिहून आलो होतो.

चाचांच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या ओळखपत्रावर, जन्मतारीख एक जून आहे. म्हणजे एक जूनला ते एकोणसाठाचे होणार, आणि अठ्ठावन्न हा आकडा निकामी. तोवर त्यांना सांभाळलं की सुटलो, असं मी ठरवलं. पण शटडाउन आलं फेब्रुवारीत.

कॉलमच्या तोंडाशी, म्हणजे आत शिरायच्या गोल भोकाशी, एक बोर्ड असतो. आत जाणाऱ्यानं आपल्या नावाचा टॅग त्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. टॅग बोर्डावर आहे म्हणजे माणूस आत आहे. हा नियम मी शेकडो लोकांना शिकवलाय. आता बोर्डाकडे बघितलं की मला ती पातीच दिसायची. चाचांचा टॅग कुठंतरी अडकवून झालाय आणि काढणारा कुणी नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांचं ब्लड प्रेशर दोनदा मोजायला लावलं आणि दुसरा आकडा जास्त आला म्हणून थांबवलं. माझ्या देखत दोनदा मोजलं तर कुणाचंही वाढलं असतं. दुसऱ्या दिवशी आतली हवा तपासायचा गॅस मीटरच पुन्हा तपासायला पाठवला आणि त्यात त्यांची पाळी घालवली. त्यांच्या जागी दुसरा फोरमन आत गेला. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हसत म्हणालं, "चाचा आता बाहेरूनच कॉलम तपासणार." चाचांनी मान वर केली नाही. खोलीवर येऊन एसीबद्दलही भांडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातव्या प्लॅटफॉर्मवर, कॉलमच्या तोंडाशी, ते समोर येऊन उभे राहिले. गुडघ्याला ओढणीसारखा लांब रुमाल बांधलेला. बोर्डावर त्यांचा टॅग नव्हता. तो माझ्या खिशात होता.

"एक दिवस प्रेशर. एक दिवस मीटर. आज टॅगच नाय," चाचा म्हणाले. "हा माझा शेवटचा कॉलम. पोरं बोलतात चाचा घाबरला. मना एवढंच सांग, मी तुझं काय बिघडवलंय?"

मी तोंडाशी पहाऱ्याला बसलेल्या माणसाला पाणी आणायला खाली पाठवलं आणि सगळं सांगितलं. काठी, डोंगरावर नसलेलं दुकान, पाती, वाकलेल्या बाई, इंजिनिअर, फोन. सांगताना मलाच कळत होतं, की सातव्या मजल्यावर, उन्हात, हेल्मेट घालून हे ऐकायला कसं वाटत असेल.

चाचांनी एवढंच विचारलं, "वय काय लिहिलंस?"

"अठ्ठावन्न."

"कुठनं आणलंस?"

"इकाम्यावरून."

"एक जून?" चाचा म्हणाले. "ती तारीख आमच्या मास्तरांची. आई शाळेत घेऊन गेली, मास्तर बोलले, पोर थोराड दिसतोय, दोन वर्षं कमी टाकतो, पुढं नोकरीला बरा. तुझी कुठली तारीख हाय?"

"एक जून," मी म्हणालो. खरंच आहे. सबंध वर्गाची एक जून होती. दोन महिने हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझी साठी कधीच उलटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मेला तो कोण दुसरा असेल, त्याला शोध." त्यांनी हात पुढं केला. "टॅग दे."

मी दिला. त्यांनी स्वतः तो बोर्डावर अडकवला, गुडघा हातानं उचलून तोंडाच्या कडेवर ठेवला आणि आत गेले.

मी तोंडाशी बसून राहिलो. आतून हातोडीचा आवाज येऊ लागला. ट्रेचा प्रत्येक क्लॅम्प ठोकून ऐकायचा, ही त्यांची पद्धत. मी न ठरवता मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

चौथा येईना.

आत हवा सोडणारा ब्लोअर घुमत होता. बोर्डावर टॅग वाऱ्यानं फिरत होता. मी वाट पाहिली, मग पाहवेना. ज्या सेफ्टी ऑफिसरनं शटडाउनच्या आदल्या दिवशी हिंदीतून अर्धा तास सांगितलं होतं, की परमिटशिवाय कुणीही डोकंसुद्धा आत घालायचं नाही, त्यानं कमरेपर्यंत आत जाऊन, बॅटरी खाली मारत हाक दिली, "चाचा."

"वरडतोस काय?" खालच्या काळोखातून आवाज आला. "नट अडकलाय. बॅटरी नीट धर, नायतर बाहेर जा."

मी बाहेर आलो. ठोके पुन्हा सुरू झाले. चार, पाच. दहा झाले. पुन्हा एक.

तासाभरानं चाचा बाहेर आले. घामानं भिजलेले, भुवयांवर गंज. त्यांनी आपला टॅग काढून माझ्या मांडीवर टाकला, हातमोजे काढले, पाण्याची बाटली निम्मी रिकामी केली. मग गुडघ्यावरचा रुमाल सोडून पिळत बसले. मला वाटलं ते माझ्या वडिलांबद्दल काहीतरी बोलतील.

"म्हणजे चिठ्ठी लागत नाय," ते म्हणाले.

"काय?"

"पट्ट्यांना. तिथं चिठ्ठी लागत नाय."

"नाही," मी म्हणालो. "विसरलो होतो."

चाचांनी रुमाल झटकला आणि खाली जायच्या सात जिन्यांकडे बघितलं.

"मग विसरलो बोलायचं," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी माणूस मारलास."