झाडलेली जागा

कोळशाच्या खदानीतून उपसलेल्या माती-दगडांच्या ढिगावर आम्ही सुबाभळी लावत होतो. त्या काळ्या उतारावर जंगल परत आणायचं होतं म्हणे! मी तिथं सुपरवायझर. पाणी घालायला येणाऱ्या एका बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. फाल्गुन लागला तशी ती आल्याबरोबर एका गुडघाभर रोपाखालची जागा झाडू लागली. मोहफुलं वेचायच्या आधी मोहाखाली झाडतात ना, अगदी तशी.

"बाई, सुबाभळीतून काय पडणार?"

"मले मालूम हाये, भाऊ. आमचा मोह खदानीत गेला. पण ह्या दिवसात हात आयकत नाई."

वैशाखात ते रोप वाळून काडी झालं. काडीखालची जागा मात्र रोज झाडलेली असायची.