तलवारीचं टोक

गेल्या मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी सर वारले. जुळे सोलापुरातल्या घरात ते एकटेच राहत. दुपारपर्यंत दारातला पेपर कुणी उचलला नाही, म्हणून शेजाऱ्यांनी कडी वाजवली आणि नंतर दार तोडलं. आमच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. कनिष्ठ महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक, पत्नीचं आधीच निधन, अपत्य नाही.

त्या चार ओळींत जे बसलं नाही ते इथे लिहितो आहे.

सरांना तुम्ही पाहिलं असतं तर एक लकब आधी लक्षात आली असती. हातात पेपर आला की ते त्याची घट्ट गुंडाळी करत, तिचं एक टोक दोन्ही हातांनी धरत आणि अंगठ्याने नसलेलं बटण दाबत. मग दुसऱ्या टोकाकडे बघून विचारत, “चालू झाली. आता ही थांबते कुठं, सांगा?”

ही म्हणजे तलवार. अवकाशातल्या लढायांच्या चित्रपटांत असते ती. मुठीतून उजेडाचं पातं बाहेर पडतं, हातभर जातं आणि तिथेच थांबतं. सरांचा आक्षेप त्या थांबण्याला होता. बॅटरी आभाळाकडे धरली तर तिचा उजेड हातभर जाऊन उभा राहत नाही, ते म्हणत. म्हणजे पातं उजेडाचं नाहीच.

रविवारच्या पुरवणीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. ही कल्पनेतली तलवार खरी करायची तर काय काय लागेल, यावर सरांनी चार भागांचं सदर सुचवलं. पातं कशाचं, ते थांबतं कसं, दोन तलवारी भिडल्या तर काय होतं आणि शेवटी, ती बंद कशी होते. पावसाळ्यात पहिला भाग आला. उरलेले तीन महिनाभरात संपायला हवे होते.

ते संपले नाहीत, याचं कारण आमच्या धंद्यात आहे. बातमीत महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली. ऐनवेळी जाहिरात आली की पान लावणारा मजकूर तळातून कापतो. काय कापलं ते वाचायची गरज नसते. सरांचा लेख मात्र वर्गातल्या तासासारखा चाले. प्रश्न वर, उत्तर अगदी तळाला. त्यामुळे वाचकांना दर रविवारी प्रश्न मिळे आणि उत्तर मिळत नसे.

सोमवारी सर गुंडाळी घेऊन ऑफिसात हजर होत. “टोक कापलंत तुम्ही.” राग नसे. कापलेलं उत्तर ते पुढच्या लेखात पुन्हा लिहीत, त्यामुळे तो लेख लांबे आणि त्याचंही टोक जाई.

पान लावणारा आमचा सहकारी शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला. घरी तेलुगू, ऑफिसात सोलापुरी मराठी. एकदा तो वैतागून म्हणाला, “सर, तुमची तलवार लई लांब हाय की. पानात मावंना. काय करू, वाकवू का?”

“वाकवाच,” सर खूश होऊन म्हणाले. “खरी करायची तर वाकवावीच लागते.” आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी दुसरा भाग सांगितला. पातं म्हणजे इतका तापलेला वायू, की तो स्वतःच पेटल्यासारखा चमकतो. त्याला धरून ठेवायला भोवती चुंबकीय क्षेत्राची नळी लागते. ती नळी टोकाला वळते आणि परत मुठीत येते, म्हणून पातं थांबतं. उष्णताही तीच अडवते, नाहीतर धरणाऱ्याचाच हात भाजेल.

तिसऱ्या भागासाठी ते दोन बॅटऱ्या घेऊन आले. ऑफिसातले दिवे घालवून त्यांनी भिंतीवर एका झोतातून दुसरा झोत आरपार नेला. “बघा. कुठं भांडण झालं? तलवारी उजेडाच्या असत्या तर दोघंही पहिल्याच वारात मेले असते. भिडतात ती क्षेत्रं. एक दुसऱ्याला आत येऊ देत नाही.”

“आमच्या बिल्डिंगीत दोघं भाऊ हायत तसले,” सहकारी म्हणाला. त्या दिवशी सर बराच वेळ हसले.

एवढी वीज मुठीत मावणार कशी, यावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. “तेवढं सोडून द्या,” ते म्हणत. “गोष्ट सांगणाऱ्याला एक खोटं माफ असतं. दुसरं नाही.”

नवरात्रात एका सोमवारी ते आले नाहीत. लेख आणायला मी घरी गेलो. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, डायलिसिसवरून आल्या होत्या आणि खाटेवर पडून पेपर वाचत होत्या. सरांच्या खुर्चीवर त्याच दिवशीचा दुसरा अंक होता. माझी नजर गेलेली बाईंनी पाहिली.

“त्यो त्यांचा. ह्यांनी गुंडाळलेला पेपर परत सरळ हुतोय व्हय? म्हणून मी माजा वेगळा घेते.”

सदर त्यांच्यामुळे सुरू झालं होतं, हे मला तिथे कळलं. “टीव्हीवर बघत हुतो,” त्या म्हणाल्या. “त्या माणसानं बटन दाबलं आन् तलवार गेली. मी इचारलं, एवढा जाळ, जातो कुटं? तर हे सांगायला बसले. म्हटलं, तोंडी नगं. तुमचं तोंडी जल्मभर लई ऐकलं. छापून आलं की वाचीन.”

“येणार की,” सर आतून चहा आणत म्हणाले. “हे लोक टोक कापतात, मी काय करू?”

“मी हाय तवर येऊ द्या म्हंजे झालं.” त्या माझ्याकडे वळल्या. “तुमी ह्यांचं ऐकू नगा. उत्तर आदी छापा.”

सरांनी चहाचे कप खाली ठेवले.

फाटकापाशी मी त्यांना म्हणालो, “सर, चौथ्या भागात उत्तर वर घ्या. वरचं कुणी कापत नाही.”

त्यांच्या हातात गुंडाळी होती. त्यांनी बटण दाबलं नाही. “उत्तर मिळालं की वर्ग उठतो,” ते म्हणाले आणि फाटकाची कडी लावून आत गेले.

पुढच्या रविवारी तिसऱ्या भागाचं उरलेलं टोक आलं. मग दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्या आणि पुरवणीत जागा राहिली नाही. चौथा भाग सरांनी दिलाही नव्हता. दिवाळी संपली त्या आठवड्यात बाई गेल्या.

महिन्याभराने सर ऑफिसात आले. हात मोकळे होते. खिशातून घडी केलेले कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि पाणी न घेताच गेले. चौथ्या भागाची सुरुवात अशी होती:

“ही तलवार विझत नाही. क्षेत्र आधी सोडलं तर आतला जाळ सगळीकडे फुटेल आणि धरणारा जळेल. म्हणून आधी तो सगळा जाळ मुठीत परत घ्यावा लागतो, हळूहळू. मग क्षेत्र सोडायचं. मूठ त्यानंतर बराच वेळ गरम राहते.”

सहकाऱ्याने तो लेख लावण्याआधी पूर्ण वाचला. असं तो करत नाही. शनिवारी संध्याकाळी एका क्लासची जाहिरात आली आणि तळाचा भाग कापावा लागला. त्यात बाईंचा प्रश्न होता.

सोमवारी दुपारी त्याने मला विचारलं, “आज तलवार सर आले न्हाईत?”

ते त्या दिवशी आले नाहीत आणि नंतरही कधी आले नाहीत. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा “बरं आहे” म्हणाले आणि माझी विचारपूस केली. लेखाचा विषय त्यांनी काढला नाही.

हे लिहिण्याआधी मी त्यांच्या पेपरवाल्याला भेटलो. त्या घरी तो कित्येक वर्षं दोन अंक टाकत होता. बाई गेल्यावरही दोनच टाकत राहिला, कारण सरांनी बंद करायला सांगितलं नव्हतं. चौथा भाग छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, सर फाटकात उभे होते.

“आजपास्नं एकच टाक, म्हणाले. आन् दुसरा माज्या हातात परत दिला.”

मार्चमधल्या त्या सोमवारी दारात एकच अंक होता.