कांबळे वकील आणि धोंडुबाईंचं दार

तारखेच्या दिवशी ज्ञानूची जीप वादी आणि प्रतिवादी, दोघांनाही घेऊन निघत असे. साळवणच्या वरच्या वाड्यांतून कोल्हापूरच्या कोर्टात वेळेवर पोचवेल असं दुसरं वाहन नव्हतं. एसटी होती, पण तिची वेळ आणि कोर्टाची वेळ यांचा मेळ बसत नसे. तेव्हा वडाप. या भागात प्रवासी जीपला वडाप म्हणतात. पुढच्या सीटवर प्रतिवादी, मधल्या बाकावर वादी, मागे दोघांचे साक्षीदार. वाटेत कळे गावात चहाला गाडी थांबली की सगळे एकाच टपरीसमोर उभे राहायचे. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात पोचल्यावर मात्र दोन्ही पक्ष दोन वेगळ्या झाडांखाली जायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

ॲडव्होकेट प्रसेनजीत कांबळे यांना ही रीत आधी माहीत नव्हती. ते कोडोलीचे. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. कांबळे कोल्हापुरात वकिली शिकले आणि १९९२ साली त्यांना सनद मिळाली. घरात आधीचा वकील नाही, त्यामुळे तयार अशीलही नाहीत. बाररूमच्या दाराजवळची खुर्ची त्यांच्या वाट्याला आली. दार उघडलं की ती प्रत्येकाच्या पायात येई.

१९९५ साली विधी सेवेचा कायदा अमलात आला. ज्याला वकील परवडत नाही त्याला तो सरकारने द्यायचा, आणि स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर उत्पन्न न विचारता द्यायचा. त्यासाठी वकिलांची यादी झाली आणि कांबळेंनी आपलं नाव दिलं. नवे वकील बहुतेक हात बसेपर्यंत या यादीत राहतात आणि खासगी कामं येऊ लागली की बाहेर पडतात. कांबळे राहिले. का, असं विचारलं तर ते म्हणतात, "सवय झाली." त्यांची पत्नी रूपाली महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. उचगावला दोन खोल्यांचं घर आहे. आपलं काही फार बिघडलं असं दोघांनाही वाटत नाही.

पहिल्याच वर्षी साळवणच्या शाळेत कायदेविषयक शिबिर झालं. कापडी फलक, हार, भाषणं. शेवटी कोणाला शंका असेल तर विचारा, असं माइकवरून सांगण्यात आलं. बराच वेळ कोणी उठलं नाही. मग एका म्हाताऱ्याने उठून डांबरी रस्ता कधी होणार, असं विचारलं. शिबिर संपलं.

परत जाताना कांबळेंना सरकारी गाडीत जागा उरली नाही, म्हणून ते ज्ञानूच्या जीपमध्ये बसले. कळे येईपर्यंत त्यांच्या कानावर एका नवऱ्याने टाकलेल्या बाईची, एका बहिणीच्या बुडालेल्या वाट्याची आणि पाणंदीतल्या अतिक्रमणाची हकिगत पडली. सांगणारे सगळे शिबिरात बसलेले होते. माइकसमोर बोललं की ती तक्रार होते आणि गावभर होते. गाडीत बोललेलं तक्रारीत धरत नाहीत.

तेव्हापासून कांबळे सुट्टीच्या दिवशी रंकाळा स्टँडजवळून वडाप पकडून गगनबावड्यापर्यंत जाऊ लागले आणि त्याच वाटेने परत येऊ लागले. बाररूममध्ये चेष्टा झाली. "कांबळे, जीपवर आपली पाटी लावा की, म्हणजे भाड्यातही वाटा मिळेल." अशील गोळा करत फिरतात अशी तक्रारही कोणीतरी केली. ती टिकली नाही, कारण कांबळे कोणाचीच केस स्वतःकडे घेत नव्हते. अर्ज विधी सेवेच्या कार्यालयात करायचा आणि ते देतील तो वकील घ्यायचा, एवढंच सांगत. धोंडुबाईंच्या बाबतीत कार्यालयाने यादीतून त्यांनाच नेमलं.

अशाच एका फेरीत धोंडुबाई जीपमध्ये त्यांच्याशेजारी बसल्या होत्या, मांडीवर रिकामी किटली घेऊन. साळवणच्या पुढच्या एका वाडीतल्या. नवरा वारलेला, मुलगी सासरी, घरी एक म्हैस.

"फुकाट वकील म्हंजी कसला वो?" त्यांनी विचारलं.

"सरकार देतं, मावशी."

"दवाखान्यातल्या गोळीगत? डोस्कं दुखू दे न्हाय तर पोट, एकच गोळी?"

पुढच्या सीटवरून ज्ञानू हसला. कांबळेही हसले आणि म्हणाले, गोळी कोणती ते आधी दुखणं कळल्यावर ठरतं.

दुखणं असं होतं. एका लांब घराचे दोन भावांत दोन भाग झालेले. रस्त्याकडचं दार थोरल्याच्या नाही, धाकट्या हंबीररावांच्या भागात पडलं. थोरला, म्हणजे धोंडुबाईंचा नवरा, असेपर्यंत त्याच दारातून सगळे ये-जा करत. तो गेल्यावर हंबीररावांनी मधे भिंत घातली. धोंडुबाईंना मागच्या गोठ्यातून, ओढ्याच्या काठाने फिरून गल्लीत यावं लागे. गगनबावड्याच्या पावसात तो काठ चार महिने राहत नाही. सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली घेऊन डेअरी गाठायची. एका श्रावणात घसरून त्यांचा हात मोडला. त्यांचं मागणं एवढंच होतं की आपल्या भिंतीला गल्लीच्या बाजूने दार पाडू द्यावं. पण त्या भिंतीपुढचं अंगण दोघांचं की एकट्याचं, हा वाद होता. हंबीरराव म्हणत, एकट्याचं.

दावा १९९८ मध्ये दाखल झाला. जागा बघायला कांबळे वाडीत गेले तेव्हा धोंडुबाईंनी त्यांना चहा काचेच्या ग्लासात दिला. घरातल्यांसाठी कपबशा होत्या. कांबळेंनी ते पाहिलं, चहा प्यायले आणि भिंतीचं माप घेतलं. तिसऱ्या खेपेला त्यांच्यापुढे कपबशी आली.

दावा चालला तो कोर्टात दावे चालतात तसा. धोंडुबाईंची साक्ष झाली. हंबीररावांची पाळी आली तेव्हा त्यांनी तारखा मागायला सुरुवात केली. कधी कापणी, कधी लग्न. शेवटी न्यायाधीशांनी बजावलं की पुढच्या खेपेला साक्ष दिली नाही तर प्रतिवादीचा पुरावा बंद करून निकालाला घेऊ.

त्या तारखेला हंबीरराव आले नाहीत. त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. पुकारा झाला, पुन्हा झाला. न्यायाधीशांनी पेन उचललं. कांबळे उभे होते. आठ-नऊ वर्षांच्या वकिलीत समोरचा पक्ष आपण होऊन हरतोय, असा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून धोंडुबाई उठल्या.

"सायेब, त्यांस्नी ताप हाय."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोणाला?"

"धाकल्या भावजींस्नी. घोंगडं घिऊन पडल्यात. मी बघून आलोय की. गाडीनं हारन दिलं, भावजी आलं न्हाईत म्हणून मीच बलवाय गेलतो. तारीख द्या."

"तुम्ही वादी आहात ना? प्रतिवादीसाठी तारीख मागताय?"

"व्हय. ताप हाय त्यांस्नी."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी कांबळेंकडे पाहिलं. तारीख मिळाली.

बाहेर आल्यावर त्यांचा आवाज चढला. "मावशी, हातात आलेलं दार घालवलंसा! तुमची केस तुम्हीच बुडवायला बसलाय."

"मग काय करू? त्यो अंथरुणात आन् मी हिकडं निकाल लावून घ्यू? गल्लीत तोंड कुठं दावू? म्हणतील, रांडमुंड बाई, आजारी दिराच्या उरावर बसली."

"आणि तुम्ही ओढ्यात पडला तेव्हा गल्ली काय म्हणाली?"

"त्ये येगळं."

संध्याकाळच्या जीपमध्ये या प्रकाराचीच चर्चा होती. धोंडुबाईला कोणी येडी ठरवलं, कोणी देवमाणूस. दोन्ही बाजू जोरात. जीप वाडीत पोचायच्या आधीच बातमी पोचली असावी, कारण दुसऱ्याच रविवारी हंबीरराव साळवणला जीपसाठी उभे होते. मफलर बांधलेला, चेहरा उतरलेला, पण आवाज शाबूत. कांबळे मधल्या बाकावर बसलेले पाहून ते मुद्दाम पुढे बसले.

"वकील," त्यांनी सुरुवात केली.

"हंबीरराव, माझ्याशी केसबद्दल बोलू नका. तुम्हाला वकील आहे. त्यांच्याशी बोला. मला ऐकायला परवानगी नाही."

हंबीरराव ज्ञानूकडे वळले. "बरं. मी तुमच्याशी बोलतच न्हाय. मी ज्ञानूशी बोलतोय. काय रं ज्ञानू, कान हायत न्हवं तुला?"

"हायत की, तात्या."

"तर ज्ञानू, मला सांग, माझी तारीख मागायला तिला कुणी सांगितलं? मी काय मेलोय? गावातलं शेंबडं पोरगं इचारतंय, तात्या, वैनीनं वाचिवलं म्हणं तुम्हास्नी. मी, हंबीरराव, आन् बाईमाणसाच्या पदराखाली?"

"तात्या, ताप हुता न्हवं," ज्ञानू म्हणाला.

"ताप हुता. तर मरू द्यायचं. हरू द्यायचं. आता ह्यो उपकार फेडू कुठं?"

कांबळे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ज्ञानू, कोर्टात लोक अदालत असते. दोघांचं जमलं तर तिथं मिटवता येतं. तिथं मिटलं की अपील नाही, कटकट नाही. कोणाला विचारायचं असेल तर त्याने आपल्या वकिलाला विचारावं."

"ज्ञानू, त्यांस्नी सांग, मला शिकवू नका."

"सांगतो, तात्या."

"आन् ती लोक अदालत कवा असत्या, ते बी इचार."

हंबीररावांच्या वकिलांना हे सगळं सोयीचंच होतं. पुढच्या लोक अदालतीत दावा ठेवला गेला. मोठं दालन, टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक न्यायाधीश आणि एक-दोन पंच. हंबीरराव नवा फेटा बांधून आले होते. पंचांनी विचारायच्या आत ते बोलले, "दार देतो. अंगाण दोघांचं. कोर्टाला भिऊन देत न्हाय. तिच्या उपकारात ऱ्हायचं न्हाय, म्हणून देतो."

धोंडुबाई म्हणाल्या, "उपकार कसला? ताप हुता."

"वैनी, तुम्ही आता गप बसा."

एवढ्यावर मिटलं असं दोघांनाही वाटलं आणि दोघंही उठायला लागले. कांबळेंनी थांबवलं. तडजोड लिहायची, वाचून दाखवायची, सह्या व्हायच्या, त्यावर हुकूम व्हायचा. हंबीरराव भडकले. त्यांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि पिवळी चिमूट टेबलावर, पंचांसमोर धरली. "देवाचा भंडारा उचलून सांगतोय. आता कागूद कशाला? माझा शबुद खोटा काय?"

आणि धोंडुबाई आपल्या वकिलाचं सोडून दिराच्या बाजूने म्हणाल्या, "भंडारा उचलल्यावर झालं की. नको कागूद."

कांबळे सांगतात, त्या दिवशी आपण पहिल्यांदा घाबरलो. कागदाशिवाय हे दोघं घरी गेले असते तर दावा काढून टाकला गेला असता आणि पुढच्या भांडणात दार पुन्हा बंद झालं असतं. त्यांनी हंबीररावांच्या वकिलांची परवानगी घेतली आणि सरळ विचारलं, "तात्या, तुमचा शब्द खरा. बाळासोचा?"

बाळासो हंबीररावांचा मुलगा. तो त्या वेळी दाराबाहेर मित्रांशी हसत उभा होता. हंबीररावांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"त्येचं खरं न्हाय," ते म्हणाले. "आणा, कुठं सही करायची?"

अशा निकालांची मोजदाद कार्यालयात फक्त आकड्याने होते. कांबळेंना विचारलं तर तेही आकडा सांगत नाहीत, कारण त्यांना तो माहीत नाही. ते आता पन्नाशी ओलांडलेले आहेत, यादीवर आहेत आणि बाररूममध्ये त्यांची खुर्ची आतल्या बाजूला सरकली आहे. ज्ञानूने नवी गाडी घेतली. सुट्टीचा फेरा चालू आहे. कधी काहीच हाती लागत नाही. तेव्हा कांबळे गगनबावड्याला उतरतात, घाटाच्या तोंडाशी थोडं फिरतात आणि परतीच्या गाडीत बसतात.

हुकमाची नक्कल घेऊन ते वाडीत गेले तेव्हा दार पाडून झालेलं होतं. गवंडी हंबीररावांनीच लावला होता, आपल्या घराशेजारी वाकडं दार दिसायला नको म्हणून. चौकट फणसाची. दारात धोंडुबाई उभ्या, अंगणात हंबीरराव उभे, आणि दोघांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. विषय वळचणीचा होता. पागोळ्यांचं पाणी कोणाच्या उंबऱ्यावर पडणार?

"तुमची कौलं पुढं आल्यात, भावजी!"

"कौलं आज्ज्यानं घातल्यात, वैनी! त्येला जाऊन इचारा!"

कांबळेंनी नक्कल पुढे केली आणि सहज विचारलं, यात मी काही बघू का.

"तुम्ही मधी पडू नका," हंबीरराव म्हणाले.

"व्हय, तुम्ही जावा आता," धोंडुबाईंनी नक्कल घेऊन कमरेला खोचली. "हे आमचं आम्ही बघतो."

कांबळे साळवणच्या रस्त्याला लागले. मागे भांडण चालूच होतं. थोड्या वेळाने धोंडुबाई किटली घेऊन त्यांना मागे टाकून पुढे गेल्या. डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती आणि त्यांना थांबायला सवड नव्हती.