कच्च्या रस्त्याच्या रंगाचे केस

पडदा वर जातो तेव्हा मंचावर एकच खुर्ची आहे. लाल चामड्याची, उंच, मान टेकायला मागे खोबण असलेली. समोर आरसा, त्याच्या कडेने दिव्यांची माळ. उन्हाळी नाटकांच्या रंगपटातून मोडीत निघालेला हा आरसा सायमी तुहकानेनने घरी आणला होता, आणि त्यातले निम्मे दिवे अजूनही लागत. चुलीवर कॉफी. खिडकीबाहेर तळं, आणि तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता.

त्या रस्त्यावरून जुलैच्या भर उन्हात ओरवोक्की पीराइनेन आली, ती भुवयांपर्यंत रुमाल ओढून.

"रुमाल सोड," सायमी म्हणाली.

"आधी कॉफी दे. चालत आलेय मी."

"आधी रुमाल."

ओरवोक्कीने गाठ सोडली. सायमीने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. डोकं पिवळं झालं होतं, आणि कानांमागे चक्क हिरवट. पावसात भिजून पडलेल्या गवताच्या गंजीसारखं.

"दुकानातला तो मेला ताविती काय म्हणाला सांगू? म्हणे, काकू, शेवाळाला खत कोणतं घालता?"

सायमीला हसू आलं, पण ते तिने ओठांबाहेर पडू दिलं नाही. तिला हसण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं. असं होतंच कसं?

सायमीचा सगळा जन्म लोकांचे केस रंगवण्यात, त्यांचा मूळ रंग पुसण्यात गेला होता. कोइवुनिएमी गावात पोरं जन्मतात ती कापसासारखं जावळ घेऊन. मोठी होता होता ते मळत जातं आणि शेवटी बाहेरच्या रस्त्याच्या रंगाचं होतं. ना सोनेरी, ना तपकिरी; उन्हात गव्हाळ, सावलीत राखेसारखं. कुठल्याही पोरीला तो रंग नको असे. लग्न ठरलं की पिवळी कर, लग्न मोडलं की लाल कर. नाटकासाठी तर सायमीने याच केसांतून राण्या केल्या, चेटकिणी केल्या. आणि साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी येऊन म्हणालं, "मला आपला रस्त्याचा रंग दे."

कारण होतं इर्मा. ओरवोक्कीची जुळी बहीण. तरुणपणी स्वीडनला कापडगिरणीत गेली ती तिकडचीच झाली. दर नाताळात फोन येई, आणि एका नाताळात इर्मा सहज बोलून गेली, "माझ्या डोक्यात अजून एक पांढरा केस नाही बघ." ओरवोक्कीचं डोकं तेव्हा पार पांढरं झालं होतं. तरी ती फोनवर म्हणाली, "माझ्याही नाही." दोघी एका दिवशी जन्मलेल्या; एकीने म्हातारं व्हायचं आणि दुसरीने नाही, हे तिला सहन झालं नाही. आता इर्मा महिनाअखेरीच्या बोटीने येणार होती.

सायमीने वसंतात मोठ्या हौसेने काम सुरू केलं होतं. बाटलीत तो रंग मिळत नाही. वाटीत राखी छटा जास्त, गव्हाळ थोडी. मानेवर गडद ठेवायचा, कपाळाशी उन्हाने उडाल्यासारख्या बारीक बटा फिक्या सोडायच्या, म्हणजे रंगवलंय असं दिसत नाही. पांढरा केस हट्टी, त्याला औषध मुरायला वेळ द्यायचा. आणि नंतरचे नियम: पावसाचंच पाणी, शेवटी शिर्क्याचा हात, पिवळेपणा मारायला आठवड्याला एकदा जांभळ्या पाण्यात खळबळून काढायचे, उन्हात रुमाल. ओरवोक्कीने सगळं पाळलं. जूनभर रंग असा टिकला, की सायमी वाटेत थांबून एकदा तिच्या डोक्याकडे आणि एकदा रस्त्याकडे बघायची.

जूनच्या अखेरीस मध्योन्हाळ्याच्या सणाची होळी पेटली, विझली, आणि रंग बिघडला. सायमीने दुरुस्त केला. पुन्हा बिघडला.

"विहिरीचं पाणी घेतलंस?"

"देवाशपथ नाही."

"साबण बदललास?"

"पोलिसात का नाही गेलीस तू?"

"शनिवारी मी तुझ्याकडे साउनाला येते," सायमी म्हणाली. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

शनिवारी दोघी साउनाच्या लाकडी, वाफेच्या न्हाणीघरात वरच्या फळीवर बसल्या. ओरवोक्कीने तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफेने कान भाजले. भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी कोमट पाण्यात भिजत होती. दोघींनी तिने एकमेकींच्या पाठी झोडपल्या. पावसाचं पाणी, शिर्का, सगळं यथासांग झालं. चूक कुठेच सापडेना, सायमी हिरमुसली. आणि मग अगदी शेवटी ओरवोक्कीने जुडीची बादली उचलली आणि ते हिरवं, सुगंधी पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

"हे काय केलंस?"

"काय केलं? आई घालायची तसं घातलं. केसांना चांगलं असतं."

सायमी फळीवर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारून हसली. "अगं बाई! याच पाल्यात आपल्या आज्या लोकर पिवळी करायच्या!"

"मग गावातल्या सगळ्यांची डोकी पिवळी का नाहीत? सगळेच ओततात."

"त्यांचे केस बंद आहेत. तुझे मी औषधाने उघडलेत. उघड्या दारातून कोणीही शिरणार." तिला नाटक बघितल्याचा आनंद झाला होता. थंडीत वाळक्या जुड्या, वसंतात त्याही संपलेल्या. ताजी जुडी बांधतात ती मध्योन्हाळ्याला. सगळं जुळलं. "साउना कर, झोडपून घे, पण हे पाणी डोक्यावर नको. इर्मा जाईपर्यंत तरी."

रंग पुन्हा चढला, आणि या वेळी टिकला. इर्मा बंदरावरून आलेल्या बसमधून उतरली तेव्हा सायमी मुद्दाम थांब्यावर हजर होती. दोन बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. दोन डोकी, एकाच रस्त्याची दोन टोकं. "अगदी तशीच आहेस गं," इर्मा म्हणाली. "तूही," ओरवोक्की म्हणाली, आणि सायमीकडे चोरून बघितलं. सायमीने मान हलवली खरी, पण इर्माच्या कपाळाशी सोडलेल्या बारीक फिक्या बटांवरून तिची नजर काही केल्या हटेना.

सोमवारी सकाळी दार वाजलं. दोघी उभ्या होत्या, दोघींचे रुमाल भुवयांपर्यंत.

"शनिवारी साउनात हिने जुडीची बादली उचलली," ओरवोक्की सांगू लागली. "म्हणाली, वाक, आई घालायची तसं घालते. मला तुझं सगळं आठवलं गं. हात वर नेला होता मी अडवायला. पण हिचा चेहरा... इतक्या वर्षांनी कोणीतरी म्हणत होतं, वाक. मी वाकले."

"आणि मग हिने माझ्यावर ओतलं," इर्मा म्हणाली. "म्हणाली, तू पण वाक. मला काय ठाऊक काय होणार ते! तिकडे कुठलं आलंय भूर्जाचं पाणी?"

"रविवारी सकाळी दोघी आरशासमोर," ओरवोक्की म्हणाली. "आधी मी किंचाळले, मग ही."

रुमाल सुटले. दोन्ही डोकी सारखीच पिवळी, कानांमागे सारखीच हिरवट; म्हणजे इर्माच्याही केसांची दारं कोणीतरी औषधाने उघडलेली. लहानपणी आईलासुद्धा ज्या ओळखू येत नसत, त्या आत्ताही आल्या नसत्या. इर्मा तोंडावर हात धरून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरले होते.

सायमीने कॉफी ओतली. कपाटातून वाटी काढली, राखी नळी काढली, गव्हाळ काढली, आरशाचे लागतील तेवढे दिवे लावले. दोघीही एकदमच खुर्चीकडे निघाल्या, तेव्हा तिने आडवा हात घातला.

"थांबा. खुर्ची एकच आहे. जिची थाप जास्त जुनी, तिने आधी बसायचं."