त्या कोपऱ्याकडे तोंड केलं की

मीटरकाकांना डाव्या कानाने मुळीच ऐकू यायचं नाही आणि उजव्याने जेमतेम. तीस वर्षं जनरेटरशेजारी उभं राहून गाड्यांचं वायरिंग केल्याचा हा प्रसाद. गळ्यात कायम करंट तपासायचा मीटर लटकवलेला, म्हणून हे नाव. ऐकू येत नसल्यामुळे ते इंजिन हाताने ऐकत. झाकणावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसरा इंजेक्टर." दहातून नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी म्हणत, "मग चौथा असेल. हातच तो, इकडेतिकडे व्हायचाच."

एकदा त्यांना एका इमारतीच्या पायाच्या खड्ड्यावर बोलावलं. कंत्राटदाराने जुनं पोकलेन घेतलं होतं आणि ते चालता चालता बंद पडायचं. ना झटका, ना धूर. दोन ऑपरेटर काम सोडून गेले होते. तिसरा तिशीतला, बोलघेवडा होता; पण खड्ड्यात उतरताना काकांच्या उजव्या कानाशी आला.

"काका, हसू नका. फक्त त्या कोपऱ्याकडे जाऊन तोंड केलं की बंद पडतं. बाकी दिवसभर फिरवा, कुरकुर नाही."

"मशीनला काय कोपरा कळतो होय?"

"तेच तर म्हणतोय मी."

काकांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड आला: क्रँक सेन्सरचा सिग्नल गायब. खाली त्याच कोडच्या आधीच्या तारखा-वेळांची लांब यादी होती. हा सिग्नल मिळाला नाही, की इंजिन फिरतंय हेच कंप्युटरला कळत नाही आणि तो डिझेल तोडतो. काकांनी कोड पुसला. मशीन इतर तिन्ही कोपऱ्यांत नेलं, काही नाही. चौथ्याकडे वळवलं आणि इंजिन विझलं. पुन्हा तोच कोड. असं चारदा झालं. सेन्सर तर नवा कोरा होता.

दुपार ढगाळ होती, वारा पडलेला. मजूर जेवायला गेले होते. काकांनी सवयीने मशीनच्या चेनवर हात ठेवला. खालून काहीतरी थरथरत होतं. अगदी संथ, भिंतीपलीकडे कुणीतरी कूस बदलावी तसं.

"अरे, इंजिन बंद कर ना!"

"बंदच आहे काका. चावी तुमच्या खिशात आहे."

काकांनी हात काढला आणि उगाच पँटला पुसला. मग कामाला लागले.

दोष तासाभरात सापडला. इंजिनाखालचे रबरी पॅड पार बसले होते. मशीन पुढे कललं की इंजिन बोटभर सरकायचं आणि वायरची जुडी पत्र्याच्या कडेवर ताणली जायची. सेन्सरच्या वायरची तार आतल्या आत तुटली होती. सरळ असताना टोकं टेकायची, कललं की सुटायची. काकांनी नवी वायर टाकली, जुडी दूर बांधली. मशीन कोपऱ्यात नेलं, चालूच राहिलं.

"सापडलं तुझं भूत," काका म्हणाले. "दीड इंचाचं होतं."

दुपारी उशिरा घरी जेवताना त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. बायको शिवणकाम करायची. ती सुईत दोरा ओवत ऐकत होती. मग मोठ्याने म्हणाली, "अहो, कललं की वायर सुटायची ना?"

"हो."

"मग सपाट खड्ड्यात ते कलत कशाला होतं?"

काकांचा घास हातातच राहिला. स्कॅनरवरच्या नोंदी डोळ्यांसमोर आल्या. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग तासातासाला. जमीन खचत होती. तिथे मशीनला थांबवणारी एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी आपल्या हाताने दुरुस्त केली होती.

"फोन लाव त्या ऑपरेटरला!"

लागेना. दोघं स्कूटरवर निघाली. ती मागे बसून पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती.

ऑपरेटर मशीनपासून वीसेक पावलांवर, कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय केलंत काका? परत बंद पडलं की! फोनला रेंज नाही, म्हणून वर येत होतो, तर..."

काकांना ते आधी तळपायांत जाणवलं. ते ऑपरेटरला ओढत मागे सरले आणि कोपरा खाली गेला. मशीन नाकावर पडल्यासारखं वाकलं, मशीनचा लोखंडी हात खांद्यापर्यंत काळोखात शिरला. बायको नंतर म्हणाली, जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज झाला. खाली गोल दगडी बांधकाम दिसत होतं. कुणीतरी कधीकाळी फरश्या टाकून बुजवलेली विहीर. वर्षानुवर्षं कोंडलेल्या पाण्याचा वास वर आला.

दुसऱ्या दिवशी क्रेनने मशीन बाहेर काढलं. इंजिन पाण्याच्या वरच राहिलं होतं. काकांनी बॅटरी बदलून स्कॅनर लावला. दुरुस्तीनंतरची एकच नोंद होती: क्रँक सेन्सरचा सिग्नल गायब.

त्यांनी वायर उघडली. अखंड होती. ओढली, पिळली, हेअर ड्रायरने तापवली, तीन तास हलवत बसले. एकदाही सुटली नाही. सेन्सरही ठणठणीत.

"काय होतं?" कंत्राटदाराने विचारलं.

"वायर," काका म्हणाले. मालकाशी ते याआधी कधी खोटं बोलले नव्हते. ऑपरेटरला मात्र त्यांनी खरं ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग बंद कशाने पडलं?"

"माहीत नाही रे बाबा."

आठवड्याने विहीर भरून काम पुन्हा सुरू झालं. त्याच मशीनच्या केबिनमध्ये चढण्याआधी ऑपरेटरने देवळाबाहेर काढावेत तसे बूट काढून खाली नीट जोडीने ठेवले. कंत्राटदार हसायला लागला, तसं काकांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं.