माती गप करणारे चाचा

यंत्राची चकती जमिनीपासून वीतभर उचलायची, पुन्हा खाली न्यायची आणि डोळे मिटून हेडफोनमधली गुणगुण ऐकायची. चाचांना बघायचं तर असं बघावं. खाली नेताना आवाज वाढला की बटण एकीकडे, घटला की दुसरीकडे, गुणगुण सपाट होईपर्यंत. "आधी मातीले गप करा लागते," ते म्हणत. "मंगच सोनं बोलते."

तेल्हाऱ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रेडिओ गेले, चाचा राहिले आणि कुठूनसं हे धातू शोधायचं यंत्र आलं. कुणाची अंगठी वावरात पडली की चाचांना बोलावणं जाई. आमच्याकडे मात्र ते न बोलावता येत. चाची आमचा कापूस वेचायला यायच्या. तिथेच त्यांच्या कानातली सोन्याची बाली पडली. ती सापडायच्या आधीच चाची वारल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटली की चाचा हजर.

आमच्या काळ्या मातीवर यंत्र उगाच कुरकुरतं. म्हणून ते आधी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कडुनिंबाखाली यंत्र जुळवून घेत. नांगर न लागलेली कोरी जागा, असा त्यांचा हिशेब. इथली माती जरा जास्तच बोलते, असं पुटपुटत तिलाही गप करत. मग सगळं वावर पालथं घालत. एवढं खणलं त्यात विहीर झाली असती, असं मी चिडवायचो. ते हसत. निघायचे ते खिळे आणि विळ्याचे तुकडे.

गेल्या वर्षी आम्ही जेसीबीने धुरा काढला. माती रस्त्याच्या भरावात गेली. चाचा आले तेव्हा चहा देता देता बायको सहज बोलून गेली, की चाची भाकर खायला नेहमी त्या कडुनिंबाखालीच बसायच्या, ओढणी सोडून वारा घेत.

चाचांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे भाऊ, तिथं माती नवती बोलत, बाली बोलत होती," ते म्हणाले. "मी दरसाल तिलेच गप करून राहिलो होतो."

मला फार वाईट वाटलं. ती माती कुठे पसरली हे ठेकेदारालाही सांगता येईना. तिच्यावर आता डांबर आहे.

या उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटून झाली, चाचा आले नाहीत. मीच दुकानात गेलो. यंत्र कुणाला तरी देऊन टाकलं होतं. कान गेले की काय, मी थट्टेनं विचारलं.

"कान चांगले हायेत, भाऊ," ते म्हणाले. "आयकावं वाटत नाही."