बावीस अंश आणि ओलं पोतं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, अजूनही नाही. तरी लिहितेय, कारण लॅबमध्ये जे घडलं ते घडलं.

बिदरच्या नौबादमध्ये आमची पाणी तपासायची छोटी लॅब आहे. उन्हानं आटत राहिलेलं तळ्याचं पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा किंचित जड होतं; आमचं मशीन ऑक्सिजनचे जड-हलके अणू, म्हणजे आयसोटोप, मोजून ते ओळखतं. पण खोली एक-दोन अंशांनी तापली की आकडे घसरतात. म्हणून माझे सीनियर, बसप्पा अण्णा, मोजणीच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढायचे, खिडकीला ओलं पोतं लावायचे आणि नोंदवहीत लिहायचे — तापमान किती, खोलीत कोण. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा आकड्यात उतरते म्हणायचे. मी हसायचे. दिवाळीत अण्णा गेले.

मे महिन्यात चिंताकी गावच्या शांताक्का विहिरीच्या अन् तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या. तळं बुजवून प्लॉट पाडायचं चाललेलं. विहिरीला तळ्याचंच पाणी येतं हे दाखवता आलं तरच तळं वाचणार होतं. सुनावणी सोमवारी.

गुरुवारी दुपारी एकला मशीन सुरू केलं, कुलूप लावून शांताक्कांसोबत बाहेर बसले. दहाच मिनिटांत करंट गेला. मशीन यूपीएसवर चालू, एसी बंद... झालं, वाट लागली म्हटलं. दोन तासांनी दार उघडलं तर आत गारवा. मशीनवरच्या तापमानाच्या नोंदीत सरळ रेघ — बावीस, शेवटपर्यंत बावीस. अन् खिडकीचं पोतं, जे मी सवयीनं कोरडंच टांगलं होतं, ते निथळत होतं. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

विहिरीचं पाणी तळ्यासारखंच जड निघालं, म्हणजे आकडा गावाच्या बाजूचा आला होता. तरी मी त्याच्यावर फुली मारली.

"कामून परत करायलीस पोरी? चांगला आलाय की," शांताक्का म्हणाल्या.

"खोली गार कशी राहिली ते मला सांगता येत न्हाई, अक्का. सोमवारी कुणी विचारलं तर काय सांगू?"

"अन् उलटा आला तर?"

"तर उलटा लिहीन."

शनिवार-रविवार, एसी चालू ठेवून, पोतं स्वतःच्या हातानं भिजवून, सगळं पहिल्यापासून मोजलं. तोच आकडा आला. तळं राहिलं.

थर्मामीटर बर्फात घालून तपासलं, चोख निघालं. पोत्याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. नोंदवहीत गुरुवारचं तापमान लिहिलंय, बावीस. 'खोलीत कोण' हा रकाना मात्र कोरा आहे. 'कुणी नाही' लिहायला पेन टेकवते, पण हात पुढं जात नाही. खात्री नसलेलं लिहायचं नाही, हे अण्णांनीच शिकवलंय.